बांबोळीला ठेवू की लांब पाठवू?

पत्र:

ताई, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मुलगा १५ वर्षांचा, नववीत. सातवीपर्यंत बरा होता. गणेशचवथीला आरतीत घुमट हे मातीचं वाद्य वाजवायला वाड्यावरचे लोक त्याला घरी येऊन घेऊन जायचे. दीड वर्षापासून सगळं बिघडलं. शाळा बुडवतो, घरातले पैसे उचलतो, रात्री बाराला येतो, विचारलं तर हाताला लागेल ते फेकतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना ढकललं, त्यांचं मनगट मोडलं. आठ दिवसांनी वडिलांवर कोयता उगारला. देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रसाद घेतला, मग बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे ॲडमिट करू. माझा भाऊ म्हणतो, वेड्यांच्या इस्पितळात नको. त्याने दुसऱ्या राज्यात एक निवासी केंद्र बघितलंय. वर्षभर ठेवतात, कडक शिस्त, पहिले तीन महिने आईवडिलांना भेटू देत नाहीत, त्याने मुलाचा हट्ट मोडतो म्हणे. वर्षाचे साडेतीन लाख. काजूची बाग गहाण टाकावी लागेल. ह्यांचा खाणीवरचा ट्रक बंद झाला तेव्हापासून हे फारसं बोलत नाहीत, संध्याकाळी घेतात. धाकटी १० वर्षांची, ती हल्ली शेजारी झोपायला जाते. कुठे ठेवला तर पूर्वीसारखा होऊन येईल, एवढं सांगा. आणि नेताना त्याला काय सांगू?

एक आई

उत्तर:

ॲडमिट करा. बांबोळीलाच करा. आणि काजूची बाग गहाण टाकू नका.

कारणं सांगते, पण आधी तुमच्या भावाबद्दल. ते काळजीपोटी धावपळ करताहेत हे पत्रात दिसतंच. घरात कोयता निघाल्यावर ‘ह्याला इथून लांब कुठेतरी न्या’ असं कुठल्याही मामाला वाटेल. त्यांच्यावर रागावू नका. फक्त त्यांचा हा सल्ला ऐकू नका.

‘वेड्यांचं इस्पितळ’ ह्या शब्दाला तुम्ही घाबरला आहात आणि त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. माझ्या पिढीनेही तो शब्द असाच दबक्या आवाजात ऐकला. पूर्वी पणजीत असलेल्या त्या इस्पितळाला कांदोळीच्या आब्बे फारियांचं नाव होतं. संमोहनाची ताकद संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, ती समोरच्या माणसाच्या मनातच असते, असं दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ठणकावून सांगणारा हा गोंयकार. हट्ट ‘मोडून’ मूल सुधारण्याची भाषा ऐकली की मला त्यांची आठवण होते. आज बांबोळीत जी संस्था आहे तिथे रोज शेकड्यांनी साधीसुधी माणसं झोप लागत नाही, छाती धडधडते, दारू सुटत नाही म्हणून रांगेत बसलेली असतात. त्या रांगेत तुमच्या ओळखीचंही कुणी भेटेल, आणि ते तुम्हाला बघून जितके दचकतील तितक्याच तुम्ही दचकाल. चालायचंच.

ॲडमिट कशासाठी? दोन कामांसाठी. पहिलं, सगळ्यांचा जीव सुरक्षित राहावा, त्यात त्याचाही आला. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं: त्याला झालंय काय, ते शोधणं. सातवीपर्यंत सरळ चाललेला मुलगा आठवीत एकदम फिरतो तेव्हा त्याच्या मागे बऱ्याच गोष्टी असू शकतात. ह्या वयाच्या मुलांचं नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं. वाचनाची अडचण सातवीपर्यंत पाठांतरावर झाकली जाते आणि आठवीत उघडी पडते. मग वर्गात ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘गुंड’ ठरणं त्याला बरं वाटतं. गांजा असू शकतो. मोठ्या मानसिक आजाराची सुरुवात असू शकते. आणि हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायलाच हवं: कुणीतरी त्याच्याशी काही वाईट केलेलं असू शकतं. दीड वर्षापूर्वी काय घडलं, हे त्याला एकट्याला बसवून, न रागावता, कुणी विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. वॉर्डातले पहिले आठ-दहा दिवस ह्याच प्रश्नासाठी असतात. दिसतं ते वागणं, आजार त्याच्या खाली असतो किंवा नसतोही. ते ठरल्याशिवाय कुठलीही शिस्त म्हणजे ताप न मोजता दिलेलं औषध.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ठेवला तर बरा होऊन येईल का?

निवासी उपचार घेतलेल्या अशा मुलांचं पुढे काय होतं, ह्यावर जगात गेली कित्येक दशकं अभ्यास चाललाय. आत असताना बहुतेक मुलं सुधारतात. वेळेवर उठणं, वेळेवर जेवण, डिवचायला कुणी नाही, औषध वेळेवर. बाहेर पडण्याच्या दिवशी मोजलं तर आकडे चांगलेच दिसतात, आणि माहितीपत्रकांवर तेच छापतात. खरं मोजायचं ते वर्षाने, आणि वर्षाने पाहिलं तर बऱ्याच मुलांची सुधारणा घसरलेली दिसते. त्यातही मारहाण, चोरी, घर सोडून पळणं अशा तक्रारी असलेल्या मुलांची घसरण नैराश्य किंवा भीतीचा आजार असलेल्या मुलांपेक्षा जास्त. हे कटू आहे, पण तुमच्यापासून लपवणार नाही.

मग सुधारणा टिकते कुणाची? अमेरिकेत १९९० मध्ये अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा छापून आला. त्यात मुलाची बुद्धी, आजाराचा प्रकार हे मुद्दे होतेच, पण हाती घेऊन बदलता येतील असे जे निघाले ते असे: घरच्यांचं आपसातलं नातं कसं आहे, उपचार मध्येच सोडले की पूर्ण केले, आणि सुटी मिळाल्यावर पुढची देखरेख होती की नव्हती. नुसतं जास्त दिवस ठेवलं म्हणून जास्त फायदा झाला, असा सरळ हिशेब कुठे सापडत नाही. तुमचा प्रश्न ‘कुठे ठेवू’ असा आहे. मी तो बदलून ‘परत कुठे येणार’ असा विचारते. तो तुमच्याच घरी येणार आहे, त्याच सोप्यावर, त्याच वडिलांसमोर.

आणखी एक प्रयोग सांगते, कारण मी स्वतः तो वारंवार आठवते. साऊथ कॅरोलायनात हेंगेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तातडीने इस्पितळात ठेवण्याची वेळ आलेली मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीसारखं इस्पितळ. दुसऱ्या गटाच्या घरी प्रशिक्षित माणसं जायची, रात्री-अपरात्री फोन उचलायची, आईवडिलांना शिकवायची, शाळेत जाऊन बोलायची, आणि अगदीच गरज पडली तर त्या मुलांनाही इस्पितळात ठेवायची. चार महिन्यांनी घरचा गट पुढे होता: मारामारी कमी, शाळेत हजेरी जास्त. पण १२ ते १६ महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक बहुतेक विरून गेला. ह्यावरून कुणी म्हणेल, मग काय उपयोग? मी ह्यातून वेगळं शिकले. घरात येऊन केलेली मदत लागू पडते, पण ती चार-पाच महिन्यांत आटोपण्याइतका हा आजार छोटा नसतो. गोव्यात रात्री दोन वाजता घरी येणारी अशी माणसं नाहीत. म्हणून ती जागा आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी भरावी लागेल, आणि दोन वर्षं भरावी लागेल. साडेतीन लाख उचलून एका वर्षात संपवण्यापेक्षा त्यातले थोडे दोन वर्षं पुरवा.

त्या लांबच्या केंद्राबद्दल मला काय खटकतं ते स्पष्ट लिहिते. बिघडलेली २०-३० मुलं एका छताखाली आणली की ती एकमेकांची गुरू होतात. टॉमस डिशन ह्या संशोधकाने अशा मुलांच्या आपसातल्या गप्पा चित्रित करून पाहिल्या. नियम मोडल्याची गोष्ट निघाली की बाकीचे हसायचे, आणि त्या हशाची गोडी लागलेली मुलं पुढे जास्त बिघडली. त्याहून जुनी गोष्ट मॅसॅच्युसेट्सची. १९३९ मध्ये तिथे गरीब वस्तीतल्या मुलांना वाया जाण्यापासून वाचवायला मोठा प्रकल्प निघाला. सल्लागार घरी जायचे, उन्हाळी शिबिरांना पाठवायचे, हेतू इतका चांगला की शंका घ्यायला जागा नाही. जोन मकॉर्ड ह्या बाईंनी ३० वर्षांनी ती मुलं पुन्हा शोधून काढली, तेव्हा मदत मिळालेल्यांचं आयुष्य न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघालं, आणि पुढे आकडे फोडून पाहिले तर सगळ्यात वाईट झालं होतं वारंवार शिबिराला गेलेल्यांचं. अमेरिकेत अशा खासगी निवासी केंद्रांतल्या मारझोडीवर आणि कोंडून ठेवण्यावर २०२४ मध्ये सिनेटच्या समितीने अहवाल काढला आणि त्याच वर्षाअखेर कायदाही झाला. हे प्रकार फक्त तिकडेच होतात असं समजू नका.

मी तीसेक वर्षं मनोविकाराच्या वॉर्डांत समाजसेविका म्हणून काम केलं. एक मुलगा राज्याबाहेरच्या अशाच केंद्रातून १४ महिन्यांनी परतला होता. घरचे आनंदाने मला भेटवायला घेऊन आले. वडील खोलीत आले की तो ताडकन उभा राहायचा. आईने पाणी हवं का विचारलं तर ‘येस मॅडम’ म्हणाला. आपल्याच आईला. त्या माऊलीला ते कौतुकाचं वाटत होतं, आणि मला तिथे बसवेना. पुढच्या शिगम्यापर्यंत सगळं पूर्वीपेक्षा वाईट झालं होतं. त्या १४ महिन्यांत घरातल्या कुणीच काही नवीन शिकलं नव्हतं आणि मुलगा एकच गोष्ट पक्की शिकला होता, ती म्हणजे लपवणं.

‘तीन महिने भेट नाही’ हे तर आपल्या कायद्यातही बसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा नीट समजून घ्या, तो तुमच्या बाजूचा आहे. त्याचं ८७ वं कलम १८ वर्षांखालच्या मुलांबद्दल आहे. अर्ज पालकानेच करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी मुलाला वेगवेगळं तपासून, दाखल करणं गरजेचं आहे आणि घरी राहून उपचार होण्यासारखे नाहीत असं ठरवायचं. मोठ्या रुग्णांपासून वेगळी सोय द्यायची. दाखल केल्यापासून ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, आणि मुक्काम ३० दिवसांच्या पुढे गेला तर मंडळाने पुन्हा तपासायचं. पालकाने संमती मागे घेतली तर मुलाला सोडायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मुलासोबत पूर्ण काळ राहायचं. ही सवलत नाही, तशी सक्तीच आहे. जिथे मनोविकारावर उपचार करतो म्हणतात त्या प्रत्येक जागेची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. भावाला एवढंच विचारायला सांगा: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि आईला पहिल्या रात्री तिथे राहू देणार का? उत्तर काय येतं ते बघा.

बांबोळीलाही हे विचारायचंच. कुठल्या खोलीत ठेवणार, मोठी माणसं बाजूला असतील का, बांधून ठेवायची वेळ आली तर कोण ठरवतं. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

सोबत कोणी राहायचं? तुम्ही गृहीत धरलं असेल की तुम्हीच. मी सांगते, यजमानांनी राहावं.

हे वाचून तुम्ही थबकला असाल. १६ मार्च २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा हा मुलगा सात-आठ वर्षांचा होता. दारात उभा राहिलेला ट्रक त्याने रोज शाळेत जाता-येता बघितला, आणि ट्रकसोबत गप्प झालेले वडीलही बघितले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या किती घरांत हे झालं त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. कर्जाचे हप्ते डोक्यावर ठेवून गप्प बसलेला माणूस आळशी नसतो. पण घरात बापाचा आवाज फक्त मारताना किंवा घेतल्यावर येत असेल, तर पोरगा त्याच आवाजाला उत्तर देतो. तीन आठवडे एका खाटेशेजारी, दारू नाही, मोबाईलवर बातम्या नाहीत, सकाळी चहाच्या दोन पेल्यांसाठी रांगेत उभं राहायचं. बापलेक एवढा वेळ एकत्र शेवटचे कधी होते? वॉर्डात राहायचं तर पिऊन चालणार नाही, हे ओघानेच आलं. ते त्यांना जड जाईल. रोजची दारू एकदम थांबली की हात थरथरतात, घाम येतो, कधी झटकेही येतात, म्हणून त्यांचंही आधी त्याच डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. सुरुवातीचे दिवस तुम्ही राहा, मग त्यांना बसवा. मामांना मदतच करायची असेल तर त्या दिवसांत त्यांनी घर आणि आजीचं मनगट सांभाळावं.

घरात काय बदलायचं? ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन ह्या मानसशास्त्रज्ञाने अशा कुटुंबांत माणसं बसवून तासन्‌तास नोंदी करून घेतल्या, आणि त्यांना एक चक्र दिसलं. आपल्या घरात ते असं फिरत असेल: तुम्ही म्हणता, मोबाईल ठेव, जेवायला ये. तो ऐकत नाही. तुम्ही तिसऱ्यांदा, आवाज चढवून. तो शिवी देतो, ताट सरकवतो. सासूबाई आतून म्हणतात, जाऊ दे गो, राहू दे त्याला. तुम्ही गप्प होता. तोही शांत होतो. त्या क्षणी दोघांनाही बरं वाटलं, आणि दोघंही एकेक धडा शिकलात. तो शिकला, ओरडलं की सुटका होते. तुम्ही शिकलात, माघार घेतली की शांतता मिळते. दिवसातून दहा वेळा, दीड वर्ष. मग ओरडणं पुरेनासं झालं की फेकणं येतं, फेकणं पुरेनासं झालं की कोयता. ह्यात कुणी दुष्ट नाही.

हे चक्र उलटं फिरवायला शिकवतात, त्याला पालक प्रशिक्षण म्हणतात, आणि ह्या तक्रारींवर गोळीपेक्षा त्याचा पुरावा भक्कम आहे. सूचना कमी द्यायच्या. दिवसाला दोन, पण त्या पार पाडूनच घ्यायच्या. भांडणात चौथं वाक्य बोलायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत जायचं. शिक्षा छोटी, ठरलेली, त्याच दिवशी संपणारी. आणि तो सरळ वागला ते क्षण पकडायचे: ‘आज तू नऊला आलास, बरं वाटलं’ एवढंच, ‘रोज असं वागलास तर काय बिघडेल’ हे शेपूट न लावता. आजीलाही हे शिकवावं लागेल. वॉर्डातल्या मानसशास्त्रज्ञांकडे आठवड्याला किमान एक तास तुम्हा दोघांसाठी मागून घ्या. फक्त मुलाशी बोलून तुम्हाला बाहेर बसवत असतील तर नम्रपणे आत जा.

औषधाबद्दल थोडक्यात. फार भडका असेल तर रिस्पेरिडोनसारखं औषध काही आठवडे देतात. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वागण्याच्या तक्रारींवर औषध हा नेहमीचा उपाय नव्हे, तीव्र आक्रमकपणात थोड्या काळासाठी आणि देखरेखीखाली. त्याने वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून सुरू करताना वजन करून घ्या आणि दर भेटीला करा. नैराश्य किंवा दुसरा आजार निघाला तर गोष्ट वेगळी, मग औषध जास्त काळ लागेल. मनाने बंद करू नका.

आता त्या ओळीबद्दल, जी तुम्ही जाता-जाता लिहिलीत. धाकटी हल्ली शेजारी झोपायला जाते.

ताई, ह्या घरात सध्या दोन मुलं अडचणीत आहेत. १० वर्षांच्या मुलीने अंथरूण उचलून परक्याच्या घरी जाणं ही सोय नव्हे. ती कधी निघाली, तिला कुणी सांगितलं की तिची ती निघाली? दादाने तिला हात लावलाय का, धमकावलंय का, हे तिला तुम्ही एकटीने विचारा, आणि ती जे सांगेल ते ऐकून लगेच काही बोलू नका. ज्यांच्याकडे झोपते त्या घरात कोण कोण असतं, हेही बघा. मुलगा इस्पितळात असेल ते आठवडे तिचे आहेत. तिला घरी आणा, तुमच्या कुशीत झोपवा. तो परत येण्यापूर्वी तिच्या खोलीला आतून कडी लावा आणि कडी का लावली ते दोघांनाही सरळ सांगा. अशा घरांत शहाण्या मुलाला कुणी विचारत नाही, कारण त्याची तक्रार नसते. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता मी सगळ्यात आधी भावंडांबद्दलच विचारते.

सुटीचा दिवस ठरला की कागदावर काही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. पहिली तपासणी आठवड्याच्या आत कुठल्या तारखेला. अडचण आली तर कुणाला फोन करायचा, त्या एका माणसाचं नाव. वाईट रात्र आली तर काय करायचं: धाकटी आणि आजी कुठल्या दाराने कुठल्या घरी जाणार, १०८ ला फोन कोण करणार. कोयता, कुऱ्हाड, आडाळो म्हणजे विळी घरात ठेवूच नका, शेजाऱ्यांकडे द्या. नारळ त्यांच्याकडे फोडून आणा, विळी लागेल तेव्हा मागून आणा. रात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. पर्वरीला ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून आहे, किशोरवयीन मुलांवर तिचं काम आहे, तिथेही विचारा.

शाळेत तुम्ही आधी जा, तो नंतर. मुख्याध्यापकांना निदान सांगायची गरज नाही, पण काय जमेल आणि काय नाही हे ठरवून या: पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, एक ठरलेले सर ज्यांच्याकडे तो वर्गातून उठून जाऊ शकेल. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांना ह्यात घ्या. वाचनाची अडचण निघाली तर परीक्षेत सवलतीसाठी दाखला लागतो, तो वॉर्डात असतानाच मागा. नंतर त्याच कागदासाठी चार हेलपाटे पडतात.

आणि घुमट. तुम्ही ते तक्रारीच्या आधीच्या एका वाक्यात लिहून टाकलंत, पण सगळ्या पत्रात माझ्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. वर सांगितलं ना, बिघडलेल्या मुलांत बसवलं की मूल बिघडतं? आरतीच्या घोळक्यात म्हातारे असतात, लग्न झालेले असतात, कॉलेजातले असतात, सातवीतला एखादा असतो. ताल चुकला की सगळे बघतात आणि जमला की सगळे मान हलवतात. अशी जागा कुठलंही केंद्र साडेतीन लाखांत बांधून देऊ शकत नाही. जो कुणी ते जमवतो, त्या गृहस्थांना आत्ताच भेटा. फार सांगू नका. पोरगा आजारी होता, परत आल्यावर त्याला बोलावाल का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर आणखी कुणाला विचारा.

पूर्वीसारखा होईल का? न्यूझीलंडमधल्या डुनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांवर आजही लक्ष ठेवलं जातंय. त्यातून टेरी मॉफिट ह्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वाईट वागणाऱ्या मुलांत दोन प्रकार असतात. काही अगदी तीन-चार वर्षांपासून तशी असतात, त्यांचा रस्ता लांब आणि खडतर. काही किशोरवयात बिघडतात आणि त्यातली बरीचशी विशीच्या आसपास सावरतात, मध्ये कुठल्या फासात अडकली नाहीत तर. व्यसन, पोलीस केस, सुटलेली शाळा हे ते फास. तुमच्या पत्रावरून, आणि मी मुलाला न बघता हे लिहितेय हे ध्यानात ठेवा, तो दुसऱ्या प्रकारातला वाटतो. म्हणून मला आशा आहे, मनापासून आहे. पण पूर्वीसारखा म्हणजे १३ वर्षांचा, तसा कुणाचाच मुलगा परत येत नाही. १६ वर्षांचा एक मुलगा येईल. कधी तुमच्याशी नीट बोलेल, कधी दार आपटेल. पहिल्या वर्षात एक-दोनदा पुन्हा फेकाफेक होईल, कदाचित पुन्हा ॲडमिट करावं लागेल. त्या रात्री ‘सगळं वाया गेलं’ असं मनाशी म्हणू नका. महिन्याला चारदा व्हायचं ते दोन महिन्यांतून एकदा झालं, तर ती सुधारणा आहे. कॅलेंडरवर खूण करत जा, नाहीतर आठवत नाही.

नेताना काय सांगायचं? खोटं सांगू नका. ‘रक्त तपासायला जाऊया’ म्हणून नेलेली मुलं ती फसवणूक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. रात्री नको, सकाळी, त्याने काही खाल्ल्यावर. यजमानांनी त्या वेळी घेतलेली नसावी. दोघं बसा, आणि शक्य तर त्यांनीच बोलावं, साधारण असं:

‘त्या दिवशी मला तुझी भीती वाटली. तुलाही स्वतःची वाटली असेल. असं का होतंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून काही आठवडे बांबोळीला राहायचं. तुला तिथे सोडून येणार नाही, मी सोबत राहणार. शिक्षा म्हणून नाही. आजीचं मनगट जुळतंय. तू परत ह्याच घरी येणार.’

तो ओरडेल, रडेल, कदाचित नुसता बघत राहील. वाद घालू नका, आणि चार जणांनी धरून गाडीत कोंबू नका. अंगावर आला तर १०८ ला बोलवा. पिशवी त्यालाच भरू द्या. वॉर्डात मोबाईल चालतो का, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा, म्हणजे इस्पितळाच्या दारात त्यावरून नवं भांडण नको.